ऑनलाइन प्रोजेक्ट स्पर्धा: बोर्ड चालतो, पण परीक्षकाला दिसतो का?

ऑनलाइन फेरीत प्रोजेक्ट मागे पडतो तो बहुतेक वेळा वाईट असतो म्हणून नव्हे. परीक्षकाच्या स्क्रीनपर्यंत तो नीट पोचलेलाच नसतो. समोरासमोरच्या स्पर्धेत परीक्षक वाकून वायरिंग बघतात, सेन्सर उपटून परत खोचतात, मातीला बोट लावतात. ऑनलाइन यातलं काहीच नसतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या केंद्र सरकारच्या विद्यार्थी स्पर्धेची सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी पूर्ण ऑनलाइन झाली. पुढे कॉलेजं उघडली, तरी बऱ्याच स्पर्धांची पहिली फेरी ऑनलाइनच राहिली. त्यामुळे प्रोजेक्ट चालवणं आणि तो चालताना दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे धरूनच तयारीला लागा.

उदाहरणाला डिप्लोमा-डिग्रीत दरवर्षी दिसणारा प्रोजेक्ट घेऊ: मातीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप चालू-बंद करणारा ईएसपी-३२, म्हणजे अंगचं वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. कोडिंग, वायरिंग, पीपीटी तुम्हाला येतं असं धरतो आणि सरळ जिथे घात होतो तिथे जातो.

घात होतो वायफायवर. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण चांगल्या चांगल्या टीमचा डेमो इथेच बसतो.

लॅबमध्ये बोर्ड एका ठरावीक राउटरला जोडलेला असतो आणि त्याचं नाव-पासवर्ड कोडमध्येच लिहिलेलं असतं. स्पर्धेच्या दिवशी तुम्ही सेमिनार हॉलमध्ये किंवा कुणाच्या तरी घरी बसता. कॉलेजचं वायफाय आधी लॉगिनचं पान उघडतं. लॅपटॉपवर ते भरता येतं, बोर्डाकडे ब्राउझर नाही, तो बाहेरच राहतो. मग कुणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट काढतं. बाजारात सहज मिळणारा साधा ईएसपी-३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतो आणि नव्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असू शकतो. बोर्डाला तो दिसतच नाही. लॅपटॉप मात्र त्याच हॉटस्पॉटवर झकास चालतो, म्हणून सगळी टीम 'नेट तर आहे' म्हणत कोडमध्ये चूक शोधत बसते. सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत, जोडणीची वाट बघणाऱ्या टिंबांची रांग वाढत जाते आणि तेवढ्यात तुमच्या टीमचं नाव पुकारलं जातं.

उपाय सोपा आहे. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोनमध्ये पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा. हॉटस्पॉटचं नाव बदलून साधं इंग्रजी लहान अक्षरांचं ठेवा, मध्ये जागा नको, चिन्ह नको. आयफोनच्या मूळ नावात फोनच्या मालकाच्या नावापुढे जो अपॉस्ट्रॉफी येतो तो वळणदार असतो आणि कोडमध्ये तुम्ही टाइप करता तो सरळ. डोळ्यांना फरक कळत नाही, बोर्डाला कळतो. शिवाय कोडमध्ये एकाऐवजी तीन नेटवर्कची नावं घाला. ईएसपी-३२ च्या वायफायमल्टी लायब्ररीने बोर्ड त्यातलं सापडेल ते पकडतो.

एवढं करूनही सापळ्याचा दुसरा जबडा उरतो. ज्या हॉटस्पॉटवर बोर्ड आहे त्यावरच मीटिंग चालवू नका. ड्युअल सिम फोनवर दुसऱ्या सिमला मामांचा फोन आला की बऱ्याच हँडसेटमध्ये डेटा थांबतो, आणि मीटिंग व बोर्ड दोन्ही एकदम जातात. मीटिंग एका जोडणीवर, बोर्ड दुसऱ्या फोनवर. मीटिंगसाठी राउटरपासून लॅनची केबल मिळाली तर उत्तमच.

तिसरी गोष्ट क्लाउडची. थिंगस्पीक या सेन्सरचे आकडे साठवून आलेख दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेच्या मोफत खात्यात एका चॅनलवर दोन नोंदींमध्ये किमान १५ सेकंदांचं अंतर लागतं. तुम्ही मातीत पाणी ओतता, आलेख १५ सेकंद ढिम्म, वर मीटिंगचा उशीर. पाच मिनिटांच्या सादरीकरणात तेवढी शांतता म्हणजे परीक्षकांच्या लेखी 'चालत नाही'. त्यामुळे डेमो इंटरनेटवर अवलंबून ठेवूच नका. बोर्डालाच अॅक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो स्वतःचंच वायफाय देईल, आणि त्याच्यावरच एक साधं वेबपान ठेवा. ते १९२.१६८.४.१ या पत्त्यावर उघडतं आणि आकडा दर सेकंदाला बदलतो. दुसरा फोन त्या वायफायला जोडा, 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' असं विचारेल त्याला हो म्हणा, मोबाइल डेटा बंद करा आणि तो फोन कॅमेऱ्यापुढे पंपाच्या शेजारी ठेवा. पाणी, आकडा आणि पंप एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. क्लाउडचा आलेख स्लाइडवर चित्र म्हणून पुरे.

वायफायचाच आणखी एक फटका. ईएसपी-३२ च्या एडीसी-२ (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या दुसऱ्या) गटातल्या पिना, म्हणजे जीपीआयओ ०, २, ४, १२ ते १५ आणि २५ ते २७, वायफाय चालू असताना अॅनालॉग वाचनाला भरवशाच्या नाहीत. वायफायशिवाय टेस्ट केलेला सेन्सर म्हणूनच ऐनवेळी भलते आकडे देतो. सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनेवर घ्या, ३४ सोयीची. आणि पंप बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनेवरून चालवू नका. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरचाच हिशेब धरायचा. मोटर सुरू होताना ती त्याहून जास्त खेचू शकते, व्होल्टेज पडतं, सिरियल मॉनिटरवर 'ब्राउनआउट' येतं आणि बोर्ड रीसेट होतो. पंपाला वेगळा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र सामायिक ठेवा.

एवढं वाचून छातीत धस्स झालं असेल तर सांगतो, हे सगळं एका दुपारचं काम आहे. एकदा नीट बसवलं की परत हात लावावा लागत नाही.

कॅमेऱ्याकडे मात्र फार कमी टीम लक्ष देतात. लॅपटॉप उचलून ब्रेडबोर्डवर तिरका धरायची सवय सोडा. स्क्रीन हलते, बोलणारा दिसेनासा होतो, वायर निघते. एक फोन वेगळा सहभागी म्हणून मीटिंगमध्ये घ्या, नाव 'टीमचं नाव – कॅमेरा' ठेवा, त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नाहीतर शिट्टी वाजेल. जादा जोडणी चालते का आणि डेमोच्या वेळी ती खिडकी मोठी करून मिळेल का, हे आयोजकांना आदल्या दिवशी विचारा. फोन टेबलापासून साधारण ३०-४० सेंटिमीटर वर स्टँडवर, खाली करडा किंवा फिकट निळा कार्डपेपर. पांढऱ्या कागदावर कॅमेरा एकूण उजेड कमी करतो आणि काळा बोर्ड आणखी काळा होतो.

१६×२ एलसीडीवर वरून दिवा पडला की अक्षरं पुसली जातात, म्हणून प्रकाश बाजूने. एलईडी कॅमेऱ्यात नुसता पांढरा ठिपका होतो. त्याचा रेझिस्टर २२० ओहमऐवजी १ किलोओहम केला तर रंग दिसतो. सेव्हन सेगमेंट डिस्प्ले लुकलुकतो किंवा अर्धा दिसतो, कारण त्यातले आकडे एकामागून एक उजळत असतात आणि कॅमेरा त्यांना अधेमधे पकडतो. तो बिघाड नाही, पण परीक्षकांना तसंच वाटणार. रिफ्रेश वाढवा किंवा डिस्प्ले बदला. ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या अँटी-फ्लिकर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा. आणि स्वतःला स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसली म्हणून घाबरू नका. तो आरसा फक्त तुमच्यापुरता असतो, समोरच्याला सरळच दिसतं.

बॅकअप व्हिडिओ हवाच. साठ ते नव्वद सेकंद, एकसलग, एकही कट नको, आणि चौकटीत चालू घड्याळ ठेवा. कट असलेल्या व्हिडिओवर अनुभवी परीक्षक विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. फाइल डेस्कटॉपवर असू द्या, ड्राइव्हवरून चालवू नका. झूमवर शेअर करताना 'शेअर साउंड' आणि 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप' या दोन्ही खुणा केल्या नाहीत तर व्हिडिओ मुका जातो आणि अडखळतो. गूगल मीटवर व्हिडिओ क्रोमच्या टॅबमध्ये उघडून तोच टॅब शेअर करा. पीपीटीत घुसवलेल्या व्हिडिओच्या भरवशावर राहू नका.

स्लाइडबद्दल माझं मत ठाम आहे: पाच मिनिटांना सहा पुष्कळ. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या २०२४ च्या साच्यातही शीर्षकासकट सहाचीच मर्यादा होती. गाईड सर 'लिटरेचर सर्व्हे पण टाका, फ्लोचार्ट पण टाका' म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठाचा रिपोर्ट असतो. त्यांचा मान ठेवा, ते सगळं शेवटी जोडस्लाइड म्हणून ठेवा, प्रश्न आला तर उघडा. अक्षर २४ च्या खाली नको. तयार पीडीएफ मोबाइलवर आडवी उघडून हातभर अंतरावरून वाचून बघा. जे वाचता येत नाही ते काढा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असू दे. श्रीलिपी किंवा कृतिदेवची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडते.

डेमो शेवटी ठेवायची पद्धत मला पटत नाही. वेळ नेहमी शेवटीच कापली जाते. पहिल्या मिनिटात अडचण सांगा, लगेच डेमो, मग रचना, मग चाचणीचे आकडे. डेमो अडकला तर वीस सेकंद थांबायचं, 'आता रेकॉर्डिंग दाखवतो' म्हणायचं आणि पुढे जायचं. परीक्षक त्याने चिडत नाहीत. चिडतात ते तीन मिनिटांच्या 'सर, एक मिनिट हं' ने. बोलणारा एक, हार्डवेअरपाशी एक, घड्याळ आणि चॅटवर एक. एका खोलीत एकच माइक चालू.

लिहिलेलं वाचून दाखवू नका, एआयकडून लिहून घेतलेलं तर मुळीच नको. डोळे ओळीवरून सरकतात ते कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. रेडीमेड प्रोजेक्टचंही तेच. पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जरूर आणा, पण जोडून मिळणारा संच आणलात तर 'ही पिन का निवडली?' या पहिल्याच प्रश्नाला तोंड बंद होतं.

प्रश्नोत्तरं इथेच जिंकता येतात. 'सेन्सरचा आकडा २१०० म्हणजे काय?' हा प्रश्न येणारच, कारण ० ते ४०९५ मधला आकडा शेतकऱ्याला काही सांगत नाही. त्याला वाफसा आहे की नाही ते हवं असतं. मातीचे पाच नमुने वेगवेगळे ओले करा, प्रत्येकाचा सेन्सरचा आकडा टिपा, नमुना वजन करून १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवा, परत वजन करा. घटलेलं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन, गुणिले शंभर: ही ओलाव्याची टक्केवारी. या पाच बिंदूंचा आलेख स्लाइडवर असला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. काळ्या मातीचा प्रश्नही तयार ठेवा. ती वाळली की भेगाळते, सेन्सर आणि मातीत हवेची फट पडते, आणि मुळांशी ओल असूनही आकडा कोरडा येतो. ही मर्यादा परीक्षकांनी काढण्याआधी तुम्हीच सांगा आणि भेगेपासून लांब दोन सेन्सर लावून सरासरी घ्यायचा उपाय पुढे ठेवा. मर्यादा सांगितल्याने गुण जातात हा गैरसमज आहे.

राहता राहिली वीज. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवायचा वार बऱ्याच ठिकाणी ठरलेला असतो, पुण्याच्या अनेक भागांत तो गुरुवार. स्पर्धेची तारीख कळली की वार बघा आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. रंगीत तालीम त्याच खोलीत, त्याच वेळेला, त्याच फोनवर करा. झूमच्या मोफत मीटिंगची ४० मिनिटं त्याला पुरतात. पलीकडे ज्याला प्रोजेक्टमधलं ओ की ठो कळत नाही असा मित्र मोबाइलवर बसवा. काय दिसलं तेवढंच त्याला विचारा, कसं वाटलं ते नको. फाइल सबमिट करताना ड्राइव्हची लिंक 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडेल अशी करा आणि ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, एकदा स्वतः उघडून बघा.