कानाखालची मऊ गाठ: लाळग्रंथीतला लायपोमा कसा ओळखायचा
कानाच्या पाळीखाली मऊ गाठ लागतेय, दुखत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतेय, तर पॅरोटिड ग्रंथीतला (कानाजवळच्या लाळग्रंथीतला) लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, असू शकतो, पण लगेच तसं धरून चालू नका कारण तिथे जास्त करून लाळग्रंथीची दुसरी एक कॅन्सर नसलेली गाठ, म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाच निघतो आणि नुसतं बोटांनी दाबून छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. आधी चेहरा बघा. डोळे घट्ट मिटायला सांगा, गाल फुगवायला सांगा, दात दाखवायला सांगा. एक बाजू ढिली पडली, किंवा गाठ दगडासारखी कडक अन् भराभर वाढणारी असली तर लायपोमा बाजूला ठेवून आधी कॅन्सरचा तपास.

मग सोनोग्राफी. चरबीची गाठ लांबट दिसते, आत बारीक पांढऱ्या रेघा. सुईची तपासणी इथे बऱ्याचदा दगा देते, कारण नुसती चरबी आली तर ती गाठीतली की शेजारची हेच कळत नाही. खरी मजा एमआरआयमध्ये आहे, टी१ प्रकारच्या चित्रात गाठ पांढरीशुभ्र आणि फॅट सप्रेशन (चरबीचा सिग्नल दाबणारी सेटिंग) लावलं की तीच काळी! सीटीवर आकडा साधारण उणे ५० ते उणे १५० हाउन्सफिल्ड (सीटीतलं घनतेचं माप).

आत जाड पडदे किंवा भरीव भाग दिसले तर लायपोसार्कोमा (चरबीचा कॅन्सर) डोक्यात ठेवायचा. चरबीत लाळग्रंथीच्या पेशी आणि नळ्या मिसळलेल्या असतील तर तो सायलोलायपोमा (हे नाव २००१ चं, म्हणजे तसं नवंच), आणि तो पक्का होतो गाठ काढून पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघितल्यावरच.