लग्नाच्या शूटिंगला येताय? आधी कान तयार करा

कॅमेऱ्याचं मी काही सांगत बसत नाही. गिंबल, ड्रोन, स्लो मोशन हे सगळं तुम्ही युट्यूबवर बघून आलेले असणारच, आणि नसाल तर एखाद-दुसरा सीझन कुणाच्या तरी हाताखाली बॅगा उचलल्या की येतं. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा, कार्यालयातल्या लाइटचं लुकलुकणं बरंच कमी होतं. कार्ड दोन्ही स्लॉटमध्ये घाला, दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करू नका. संपलं कॅमेऱ्याचं.

आता आवाज. नवीन पोरं इथंच मरतात, आणि मरतात ते त्यांना कळतही नाही, कारण लग्नात हेडफोन लावून उभं राहायची लाज वाटते.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी साइडचं लग्न म्हणजे सकाळी सनई, दुपारी बँड आणि रात्री डॉल्बी किंवा बेंजो. नवरा खानापूरचा आणि नवरी गोकाककडची असली तर एकाच मांडवात मराठी-कन्नड दोन्ही गाणी, आणि दोन्हीकडच्या मामांना आपलंच गाणं व्हिडिओत पाहिजे असतं. यात मंगलाष्टका एकदाच होतात. पाठवणीचं रडणं एकदा परत करा म्हणून सांगता येत नाही. व्हिडिओ थोडा हलला तर लोक खपवून घेतात, पण अक्षतांच्या वेळचा आवाज फाटला तर नवरीचे वडील टीव्हीसमोर बसून तोंड वाकडं करतात आणि उरलेलं पेमेंट पुढच्या महिन्यावर जातं. माझं गेलंय, म्हणून सांगतोय.

तर तो सापळा. कार्यालयात साउंडवाल्याकडे मिक्सर असतो, भटजींचा माइक त्यातूनच जातो. आपल्याला वाटतं, व्वा, मिक्सरमधून एक केबल घेतली आणि कॅमेऱ्याच्या माइकच्या जॅकात खुपसली की स्टुडिओसारखा आवाज. मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनीही हेच सांगितलेलं, वर म्हणाले लेव्हल कमी ठेव, बाकी एडिटिंगला बघू. एडिटिंगला काहीही बघता येत नाही. माइकमधून येणारा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा आणि मिक्सरच्या लाइन आउटमधून येतो तो व्होल्टभराचा, म्हणजे कित्येक पटींनी मोठा. कॅमेऱ्याचा जॅक माइकसाठी केलेला, त्यामुळे आतला प्री-ॲम्प, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग, पहिल्याच पायरीला गुदमरतो. तुम्ही मेनूत जाऊन लेव्हल खाली आणता ती त्याच्या पुढच्या पायरीवर. म्हणून मीटर झकास उणे १२ वर नाचत असतं, लाल दिवा लागत नाही, आणि रेकॉर्ड होतो तो फाटलेला आवाज, फक्त हळू आवाजात फाटलेला. परत सांगतो, मीटरवर विश्वास ठेवू नका, मीटर फक्त किती ते सांगतं, कसं ते नाही. हेडफोन लावा आणि भटजींना माइकवर दोन शब्द बोलायला सांगा. 'स' आणि 'श' खरखरले तर फाटतंय.

हे मला कुठल्या सरांनी नाही, खानापूरकडच्या एका साउंडवाल्या मामांनी सांगितलं. मिक्सरमागे खुर्ची टाकून पान खात बसलेले, माझी केबल बघून म्हणाले, "काय करूलालास गा? हे लाइन हाय, तुझ्या मशीनला झेपायचं न्हाई." मग खिशातून बोटाएवढं पॅड काढून दिलं, म्हणजे सिग्नल बारीक करणारा जोड. तीस-चाळीस डीबीचं पॅड मध्ये लावायचं, नाहीतर सरळ लाइन इनपुट असलेला रेकॉर्डर घ्यायचा आणि सेटिंगमध्ये 'लाइन' निवडायचं. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, चार्जरवर लावला की मांडवाच्या करंटची घूंऽऽ त्यात शिरते. तीन दिवसांचे वर्कशॉप घेणारे लोक हजारो रुपये घेतात आणि कलर ग्रेडिंगचे प्रीसेट विकतात, हे एवढं एक पॅड कोणी सांगत नाही. साउंडवाल्याशी सलगी करा, त्यांच्या पोराला रीलसाठी चार शॉट काढून द्या, वर्कशॉपपेक्षा जास्त शिकाल.

याच सापळ्याचं दुसरं तोंड म्हणजे ऑटो लेव्हल, मशीन स्वतःच आवाज कमी-जास्त करतं ते. अंतरपाट धरलाय, भटजी शांत आवाजात शेवटचं अष्टक म्हणतायत, मशीनने आवाज ओढून वर आणलाय, आणि 'सावधान' म्हटल्याबरोबर सनई, ताशा, बँड आणि बाहेर फटाक्यांची माळ, सगळं एका क्षणात. मशीन घाबरून लेव्हल धाडकन खाली आणतं आणि पुढचे काही सेकंद सगळं विहिरीतून आल्यासारखं. त्याच सेकंदांत नवरीची आई पदर डोळ्याला लावून काहीतरी पुटपुटते, तेच जातं. ऑटो बंद करा. एक रेकॉर्डर मिक्सरवर, एक छोटा माइक नवऱ्याच्या शेरवानीला, आणि लेव्हल 'सावधान'च्या हिशोबाने खाली ठेवा, अष्टकाच्या हिशोबाने नाही. दुकानदार म्हणेल ३२ बिट फ्लोटवालं घ्या, लेव्हल बघायलाच नको. चांगलं आहे ते, माझ्याकडेपण आहे, पण माइकच फाटला किंवा मिक्सरमधूनच फाटून आलं तर ते फाटलेलंच छान जपून ठेवतं.

घाबरू नका हां. एकदा हात बसला की पाच मिनिटांचं काम आहे.

आता गाण्यांचं. लोक विचारतात दिवसभर एवढी गाणी ऐकता, मग घरी काय ऐकता. सीझनमध्ये पहाटे चारला उठून हळदीला पोचायचं, शेवटच्या पंगतीत मिळेल ते जेवायचं (मांडे असतील तर पहिल्या पंगतीला बसतो, उगाच खोटं कशाला), वरात संपवून रात्री एकला घरी. कार्ड कॉपी व्हायला तासभर लागतो, तेवढ्यात मी कुमार गंधर्व लावतो, अगदी बारीक आवाजात. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा माणूस, १९२४ चा जन्म. क्षयामुळे १९४८ ला देवासला गेले, कित्येक वर्षं गाणं बंद, आणि परत उभे राहिले ते छोट्या छोट्या ताना आणि मधे सोडलेली जागा घेऊन. ती जागा ऐकून ऐकून मी एडिटिंगमध्ये थांबायला शिकलो. पूर्वी प्रत्येक बीटवर कट मारायचो, आता अक्षता पडल्यावर दोन सेकंद नुसता मांडवाचा आवाज ठेवतो. गाडीवर मात्र मन्सूर अण्णा, धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर. का ते माहीत नाही, धारवाडच्या रस्त्याला तेच चालतात.

आवडतं गाणं लग्नाच्या व्हिडिओला कधी लावू नका, हे माझं ठाम मत. एडिटिंगला एकेक ओळ पन्नास वेळा मागेपुढे होते, व्हिडिओ संपेस्तोवर त्या गाण्याचा चोथा होतो. माझी दोन लाडकी गाणी अशी मेलीत, कुठे लागली की मी चॅनेल बदलतो.

शिवाय कॉपीराइट. लग्नात, वरातीत गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये सूट आहे, केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तशी जाहीर सूचनापण काढली. पण ती सूट वाजवण्याची. तेच गाणं व्हिडिओला चिकटवून स्वतःच्या चॅनेलवर जाहिरात म्हणून टाकलं की तो वेगळा विषय, क्लेम येतो, कधी व्हिडिओच म्यूट. नवरीकडचे फोन करून विचारतात आवाज का गेला, आणि उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

म्हणून मी काय करतो, घाणा भरायच्या दिवशी सकाळी लवकर जातो. आज्ज्या मुसळाला हात लावून गाणी म्हणतात, काही मराठी, काही कन्नड, मध्येच ओळ विसरून हसतात. माइक त्यांच्या पायाशी ठेवायचा, कॅमेरा लांब, नाहीतर त्या लाजून गप्प बसतात. पंख्याखाली बसवू नका. हे गाणं खाली ठेवून वर फुलांचे, हळदीचे शॉट लावले की रेडिमेड गाण्याची गरजच पडत नाही. आणि कस्टमर याच भागाला सगळ्यात जास्त वेळा परत बघतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. फक्त जाहिरातीला वापरणार असाल तर आधी घरच्यांना विचारा.

कानांचं राहिलंच. डॉल्बीसमोर कानात बोळे घाला, फोमचे, मेडिकलमध्ये मिळतात. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि वरात दोन तासांची. सीनियर लोक हसतील, हसू दे, त्यातले निम्मे आता फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात. वरातीच्या रात्री आवाजाचं मिक्सिंग करू नका, कान बधिर असतात, सगळं कर्कश होऊन जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी.

पैसे सुरुवातीला कमीच मिळणार, आणि आषाढ ते कार्तिक घरात बसून हप्ते भरायचे म्हणजे जीव वर येतो. पण ते महिने फुकट घालवू नका. आषाढात वाजंत्री लोक मोकळे असतात, गणपतीला त्यांना वेळ नसतो. त्यांच्या घरी जा, सनई वेगळी, सूर धरणारा वेगळा, संबळ वेगळा असं तासभर रेकॉर्ड करून घ्या. बिदागी आधी ठरवून त्याच दिवशी हातात द्या, आणि कुठे वापरणार ते साध्या कागदावर लिहून सही घ्या, त्यांच्याकडेही एक प्रत ठेवा. तुळशीचं लग्न झालं की फोन वाजायला लागतात, तोवर तुमच्याकडे स्वतःची सनई तयार पाहिजे.