परदेशात चालेल असा फोन निवडताना बँड कसे तपासावेत

माझी भाची शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा आम्ही तिला जाण्याच्या दोन आठवडे आधी पुण्यात नवा ५जी फोन घेऊन दिला. विद्यापीठाच्या आवारात त्याचे इंटरनेट उत्तम चाले. मात्र गावाबाहेरच्या किराणा दुकानाकडे बसने निघाले की रेंजच्या काड्या एकेक करून कमी होत आणि शेवटी काहीच उरत नसे. शेजारी बसलेल्या मैत्रिणीचे सिम त्याच कंपनीचे होते आणि तिचा फोन मात्र नीट चालत होता. फोन बिघडलेला नव्हता, सिमही नाही. गावाबाहेरचे टॉवर ज्या लहरींवर चालत होते, त्या लहरी पकडण्याची सोयच त्या फोनात नव्हती. ही गोष्ट फोन घेण्यापूर्वी अर्ध्या तासात तपासता आली असती, म्हणून ती कशी तपासायची हे येथे सविस्तर लिहीत आहे.

पूर्वी हा प्रश्न जीएसएम की सीडीएमए, म्हणजे मोबाइलच्या दोन वेगळ्या तंत्रांपैकी फोन कोणत्या तंत्राचा, असा असे. आपल्याकडे रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचे सीडीएमए फोन ज्यांनी वापरले आहेत, त्यांना ते हँडसेट दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नसत हे आठवत असेल. आज हा भेद जवळजवळ संपला आहे, कारण ४जीसाठी जगभर एलटीई हे एकच तंत्र स्वीकारले गेले. अमेरिकेत व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने आपले सीडीएमए जाळे २०२२च्या अखेरीस बंद केले. त्यामुळे ‘जीएसएम फोन आहे, म्हणजे कुठेही चालेल’ हा जुना भरवसा आता उपयोगाचा नाही. तंत्र एकच असले तरी ते प्रत्येक देशात वेगवेगळ्या लहरींवर चालते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

लहरींच्या या ठरावीक पट्ट्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येक बँडला क्रमांक असतो. भारतात ४जीसाठी मुख्यतः बँड ३, ५, ८, ४० आणि ४१ वापरले जातात, तर ५जीसाठी एन७८ (५जीच्या बँड क्रमांकाआधी ‘एन’ लावतात) आणि जिओच्या बाबतीत त्याबरोबर एन२८. भारतासाठी बनवलेल्या मध्यम किमतीच्या फोनमध्ये कंपन्या साहजिकच हेच बँड आधी बसवतात. अमेरिकेत गेल्यावर चित्र बदलते. तिथे टी-मोबाइलचे ४जी बँड २, ६६, १२ आणि ७१वर, तर ५जी मुख्यतः एन४१ आणि एन७१वर चालते. व्हेरायझनचा आधार बँड १३ आहे, तर एटी अँड टीचा बँड १२. यांतील १२ आणि १३ हे ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे व ७१ हा ६०० मेगाहर्ट्झचा बँड आहे. कमी वारंवारितेच्या लहरी लांबवर पोहोचतात आणि भिंतींतूनही आत शिरतात, म्हणून शहराबाहेर, महामार्गावर आणि इमारतींच्या तळघरात फोनला रेंज देतात त्या याच. ज्या फोनमध्ये अमेरिकेतील हे खालचे बँड नाहीत, तो फोन शहराच्या मध्यभागी चालतो आणि वस्ती विरळ होऊ लागली की गप्प होतो. भाचीच्या फोनचे नेमके हेच झाले होते.

इतर देशांसाठीही असाच एखादा कळीचा बँड लक्षात ठेवावा. युरोपात ग्रामीण भागाची भिस्त मोठ्या प्रमाणावर ८०० मेगाहर्ट्झच्या बँड २०वर आहे, आणि भारतात तो वापरला जात नसल्यामुळे इथल्या स्वस्त फोनमध्ये तो अनेकदा नसतो. दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनीही ३ आणि २० हे दोन्ही पाहावेत. ऑस्ट्रेलियात दूरवरच्या रेंजसाठी बँड २८ महत्त्वाचा आहे. जपानमध्ये डोकोमोचे सिम घेणार असाल, तर १ आणि ३ यांबरोबर बँड १९ आहे का ते पाहा.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. ‘आम्ही तिकडचे सिम घेणारच नाही, इकडचेच रोमिंगवर वापरू’ असे म्हणून पुष्कळ जण बँडचा विचार सोडून देतात. परंतु रोमिंगमध्येही आपला फोन त्या देशातल्या टॉवरशीच बोलत असतो, त्यामुळे बँड जुळत नसतील तर भारतीय सिमवर बँकेचा ओटीपीसुद्धा येणार नाही.

बँड जुळले तरी आवाजाच्या कॉलचा प्रश्न वेगळा उरतो, आणि माझ्या मते याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ४जीचे जाळे मुळात डेटासाठी उभारलेले आहे. त्यावरून साधा कॉल करण्यासाठी व्हीओएलटीई ही सोय लागते. ती नसेल तेव्हा फोन कॉलपुरता ३जी किंवा २जीवर उतरतो. भारतात एअरटेल आणि व्हीआयचे २जी अजून चालू असल्यामुळे आपल्याला हे जाणवत नाही. अमेरिकेत मात्र एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२मध्ये ३जी बंद केले आणि त्याच वर्षी टी-मोबाइलनेही. जर्मनीतील ३जी २०२१मध्ये संपले. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४पासून ते बंद करण्यास सुरुवात केली, आणि ज्या फोनवरून तेथील आणीबाणीचा ००० हा क्रमांक ४जीवर लागू शकत नाही, ते फोन जाळ्यावर घेण्यासच कंपन्यांना मनाई आहे.

फोनच्या माहितीत ‘व्हीओएलटीई आहे’ असे लिहिलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. ही सोय प्रत्येक दूरसंचार कंपनीसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्रपणे चालू केलेली असावी लागते. फोन बनवणारी कंपनी ज्या देशात तो फोन विकतच नाही, त्या देशासाठी ती हे कष्ट बहुधा घेत नाही. परिणामी इंटरनेट सुरळीत चालते, मात्र कॉल लागत नाही. अमेरिकेतील काही कंपन्या तर आपल्या यादीत असलेलीच मॉडेल स्वीकारतात. म्हणून जिचे सिम घेणार, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, तपासण्याची सोय आहे का ते पाहावे. फोनवर *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय पडद्यावर येतो. तो तिथे भरला की हा फोन त्यांच्या जाळ्यावर चालेल की नाही याचे उत्तर मिळते. दुकानात फोन विकत घेण्याआधी खोक्यावरच्या पांढऱ्या लेबलवरही हा क्रमांक छापलेला असतो. दुकानदाराला विनंती करून तेवढा एक तपास तिथेच उभ्या उभ्या करून घ्यावा.

मुलांकडे सहा महिने राहायला अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे. त्यांच्या हातात बऱ्याचदा साधा बटणांचा २जी फोन असतो, आणि तो ९०० व १८०० मेगाहर्ट्झवर चालतो. अमेरिकेत २जीसाठी हे बँड कधी वापरलेच गेले नाहीत. तो फोन तिथे उतरल्यावर केवळ घड्याळ म्हणून उपयोगी पडेल, आणि अनोळखी गावात ज्येष्ठ माणसाकडे तिथला आणीबाणीचा ९११ हा क्रमांक लावता येईल असा फोन नसणे ही काळजीची गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष तपास कसा करावा ते पाहू. फोनचे नाव सर्वत्र एक असले तरी आतला फोन देशागणिक वेगळा असू शकतो. सॅमसंग गॅलेक्सी एस२४ भारतात एसएम-एस९२१बी या क्रमांकाने मिळतो, तर अमेरिकेतील त्याच्या क्रमांकाच्या शेवटी यू किंवा यू१ असतो. आयफोन १५ भारतात ए३०९० आहे आणि अमेरिकेत ए२८४६. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडले की मॉडेल क्रमांकासमोर आधी वेगळाच, लांबलचक क्रमांक दिसतो. त्यावर एकदा बोट टेकवले की ए-ने सुरू होणारा क्रमांक येतो, आणि आपल्याला हवा असतो तो हाच. हा क्रमांक घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची बँडची यादी काढावी, ज्या कंपनीचे सिम घेणार तिच्या बँडची यादी शेजारी ठेवावी आणि पेन्सिलने जुळवत जावे. सगळे बँड जुळलेच पाहिजेत असे नाही. तिथला लांब पल्ल्याचा निदान एक बँड आणि शहरातील मुख्य बँड जुळत असतील तर फोन घेण्यास हरकत नाही. लांब पल्ल्याचा एकही जुळत नसेल तर तो फोन किमतीत कितीही परवडणारा असला तरी घेऊ नये.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक फोन आणणार असेल, तर दोन प्रश्न आधी विचारावेत. पहिला, फोन अनलॉक आहे का. तिथे हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा त्या कंपनीच्या सिमपुरताच लॉक असतो आणि सर्व हप्ते फिटेपर्यंत त्यात आपले सिम चालत नाही. दुसरा, त्यात सिमची खाच आहे का. २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या मालिकेच्या फोनमध्ये ती नसते, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच डिजिटल रूपात भरले जाणारे सिम, चालते. उलट चीन आणि हाँगकाँगमधल्या आयफोन १५मध्ये दोन खऱ्या सिमची सोय असून ई-सिम नसते. तुर्कस्तानात आणखी एक बंधन आहे: बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर नोंदणीशिवाय १२० दिवसच चालतो.

जाण्यापूर्वी भारतीय सिमवरचे रोमिंग आणि वाय-फाय कॉलिंग घरीच चालू करून घ्यावे. भारतीय कंपनीचे सिम ई-सिममध्ये बदलायचे असेल, तर तेही इथेच, जुने सिम हातात आणि चालू असताना करावे, कारण त्यासाठीचा संदेश त्याच क्रमांकावर येतो. मग परदेशी सिमसाठी खाच मोकळी राहते, आणि विमानतळावर उतरल्यावर पहिला कॉल डेटा बंद ठेवून साध्या डायलरवरून करून पाहावा.