जुना पीसी नव्या लॅपटॉपला जोडायच्या आधी (पासवर्ड, पासवर्ड, पासवर्ड)

मागच्या दिवाळीत साताऱ्याला बाबांचा जुना विंडोज ७ वाला पीसी आणि माझा विंडोज ११ वाला लॅपटॉप जोडून फोटो घ्यायला बसलो होतो. म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे, जेवणाआधी उरकेल. रात्री दीडला उठलो तेव्हा फोटो होते तिथेच होते, घरचं इंटरनेट मीच बंद पाडलेलं होतं आणि आई म्हणत होती "अरे, चालू होतं त्याला कशाला हात लावलास." आता मामाच्या पीसीचं तेच काम अंगावर आलंय, म्हणून यावेळी लिहूनच काढतोय.

सगळ्यात आधी पासवर्ड. ज्या मशीनमधून फाइली घ्यायच्यात त्या मशीनच्या युजर अकाउंटला पासवर्ड आहे का बघा, नसेल तर टाका, मग बाकीचं. घरचे जुने पीसी कसे असतात, बटण दाबलं की पंखा घरघरतो आणि थेट डेस्कटॉप, पासवर्ड कुणी कधी टाकलेलाच नसतो. आणि विंडोजचा नियम असा की बिनपासवर्डचं अकाउंट त्या मशीनसमोर बसूनच वापरता येतं, नेटवर्कवरून आत घेत नाही. हे विंडोज तोंड उघडून सांगत नाही. नुसती युजरनेम-पासवर्डची चौकट येत राहते, आपण पासवर्डची जागा रिकामी ठेवून एंटर मारतो, चौकट परत येते. मी माझ्या लॅपटॉपचा पिनसुद्धा टाकून पाहिला, तो तर त्या एका लॅपटॉपपुरताच असतो, त्याचा इथे काय संबंध. मग चिडून फायरवॉल बंद केली, एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी भाषा) चालू केलं, शेवटी राउटर रीसेट केला, आणि त्यात केबलवाल्याने भरून दिलेलं इंटरनेटचं लॉगिन पुसलं गेलं. दिवाळीत त्याचा माणूस यायला दोन दिवस लागले. राउटरच्या मागच्या त्या बारीक भोकात पिन घालायची नाही, काय वाट्टेल ते होवो.

जुन्या मशीनवर विंडोज कुठलं आहे ते फोनवरच विचारून घ्या. ७ असेल तर ठीक. एक्सपी असेल तर नेटवर्कच्या भानगडीत पडू नका. एक्सपीला फक्त तेच एसएमबी १ येतं, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो त्यातल्याच भोकातून. त्याच वर्षीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोज १० मधून ते काढायला सुरुवात केली. 'एसएमबी १ ऑन करा' सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतील, पण एक्सपीची हार्डडिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावा, दहा मिनिटांत सुटाल. अडॅप्टर घेताना डिस्क रुंद पट्टीवाली आयडीई आहे की साटा तेवढं बघा.

लॅन केबल घरूनच न्या, लांब न्या. वायफायवर करू म्हणाल तर जुनं वायफाय कार्ड बरेचदा ५ गिगाहर्ट्झ बघतही नाही आणि २.४ वर रडत चालतं. १०० एमबीपीएसच्या साध्या लॅन कार्डलाही सेकंदाला ११-१२ एमबी मिळतात, म्हणजे ४० जीबी फोटोंना तासभर, तेच ५४ एमबीपीएसवाल्या जुन्या वायफायवर चारेक तास. वायफाय वापरणारच असाल तर गेस्ट नेटवर्कवर जाऊ नका, तिथे बहुतेक राउटर एका मशीनला दुसरं दिसूच देत नाहीत.

नव्या मशीनवर नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, जुन्यावर 'होम', आणि फाइल शेअरिंग चालू. फोल्डर शेअर करताना फक्त 'रीड' द्या, म्हणजे चुकून काही उडणार नाही. आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मी ऐकलं होतं. ते बंद केलं की नवा लॅपटॉप गेस्ट म्हणून शिरायला बघतो, आणि विंडोज ११ प्रो २४एच२ या आवृत्तीपासून गेस्टला आपणहूनच नकार देतं. म्हणजे फिरून तिथेच, पासवर्ड टाका.

'नेटवर्क'मध्ये जुना पीसी दिसला नाही तर घाबरू नका, बरेचदा दिसत नाही. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्या मशीनचा नंबर) काढा आणि लॅपटॉपवर फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन तो टाइप करा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. चौकट आली की युजरनेम जुन्या मशीनचं, पासवर्डही जुन्या मशीनचा. स्क्रीनवर दिसतं ते नाव आणि खरं युजरनेम वेगळं असू शकतं, बाबांचं स्क्रीनवर अख्खं नाव होतं आणि आत नुसतं 'ॲडमिन'.

मराठी फाइली असतील तर फॉन्ट. बाबांनी आमच्या घराण्याची वंशावळ श्रीलिपीत टाइप केलेली, लॅपटॉपवर उघडली तर पणजोबांच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं. फाइल बिघडलेली नसते, तो फॉन्ट नव्या मशीनवर नसतो एवढंच. जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर आठवणीने उचला, आणि महत्त्वाच्या फाइली जुन्या पीसीवरच पीडीएफ करून घ्या, कारण जुन्यापैकी बरेच मराठी फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नव्हते आणि पुढच्या मशीनवर परत हेच होणार.

बाकीचं पटापट. दोन्ही मशीनचं स्लीप बंद. कट नाही, कॉपी. घड्याळ २००९ दाखवत असेल तर आतला सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला, नाहीतर वेबसाइटी उघडणार नाहीत. लाइट जाणार नाही अशी वेळ बघा. कॉपी झाल्यावर पाच-दहा फोटो उघडून बघा, नुसता आकडा बघू नका. शेअरिंग परत बंद करा, विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच थांबलेत. झालं.

आणि हो, टाकलेला पासवर्ड घरच्यांना सांगा. मी टाकला, फोटो घेतले, पुण्याला आलो. सकाळी सहाला बाबांचा फोन, "हा आता काहीतरी विचारतोय."