तंत्रज्ञानाच्या इतिहासावरचं पुस्तक : पहिला खर्डा हातावेगळा करताना

अशा पुस्तकाचा खर्डा बहुतेक वेळा लिहिताना नाही, वाचताना अडतो. एका पेटंटवरून दुसरं, त्यावरून कोर्टातला दावा, दाव्यातून कुणाची तरी प्रयोगवही. याला अंत नाही. म्हणून आधी प्रत्येक प्रकरणाचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ट्रान्झिस्टर म्हणजे विद्युत संकेत वाढवणारा छोटा भाग; त्याआधी हे काम काचेची व्हॅक्यूम ट्यूब करायची. 'ट्रान्झिस्टरचा इतिहास' हा नुसता विषय झाला. 'व्हॅक्यूम ट्यूबवर काम चालत असताना टेलिफोन कंपनीला दुसरं काही का हवं होतं?' हा प्रश्न झाला. ट्यूब तापते, वीज खाते, जळते, हे पुराव्यानिशी हाती आलं की त्या प्रकरणापुरतं वाचन थांबवायचं.

हिशेब साधा आहे. पुस्तक 80,000 शब्दांचं धरलं, तर रोज 500 शब्दांनी 160 दिवस; आठवड्याला पाच दिवस लिहिलं तर 32 आठवडे. एखादा तपशील पाच मिनिटांत सापडला नाही, तर तिथे चौकोनी कंसात 'तपास' लिहा आणि पुढे चला. मात्र जे सापडलं, त्याचा स्रोत आणि पानक्रमांक त्याच वाक्याच्या शेवटी टाका. 'नंतर टाकू' म्हटलं की चार महिन्यांनी तेच पान शोधण्यात आठवडा जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तारखांचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा टेलिफोनच्या पेटंटचा अर्ज 14 फेब्रुवारी 1876 रोजी दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकांनीही आपली पूर्वसूचना (अर्ज येणार आहे अशी पेटंट कार्यालयातली नोंद) दिली. बेलला पेटंट मिळालं 7 मार्चला, आणि त्याचा सहायक वॉटसनला तारेवरून स्पष्ट वाक्य ऐकू आलं 10 मार्चला. म्हणजे पेटंट आधी, बोलणं नंतर! '1876 मध्ये टेलिफोनचा शोध लागला' एवढंच लिहिलं, तर खरी गोष्टच हातातून निसटते. त्यासाठी प्रत्येक यंत्राचा एक तक्ता ठेवा : अर्ज, मंजुरी, पहिला चालता नमुना, जाहीर घोषणा, विक्री. ट्रान्झिस्टर डिसेंबर 1947 मध्ये चालला, पण जगाला कळला 30 जून 1948 रोजी. मधले सहा महिने प्रयोगशाळेत काय चाललं होतं, हे विचारलं की प्रकरणाला आपसूक कणा मिळतो.

'पहिला' हा शब्द विशेषणाशिवाय लिहूच नका. पहिला संगणक कोणता, हेच बघा. जर्मन अभियंते झूझ यांचं झेड3 1941 चं, प्रोग्रॅमवर चालणारं, पण रिलेचं (विजेने उघडझाप करणाऱ्या यांत्रिक खटक्यांचं). ब्रिटिशांचं कोलोसस इलेक्ट्रॉनिक, पण सांकेतिक संदेश फोडण्यापुरतं. अमेरिकेचं एनिअॅक इलेक्ट्रॉनिक आणि सर्वसाधारण गणितासाठी. कोलोसस 1970 च्या दशकापर्यंत गुप्त होतं, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत त्याचा पत्ताच नाही. स्रोत कधी छापला गेला हे बघायला विसरू नका. लेखक प्रामाणिक असला तरी त्याच्यापुढे कागदच नसतील.

आठवणींपेक्षा त्याच दिवशी लिहिलेली वही किंवा पत्र वजनदार. तीस वर्षांनी दिलेल्या मुलाखतीत माणूस खोटं बोलतो असं नाही. पण पुढे काय झालं हे ठाऊक असल्यामुळे घटनांचा क्रम त्याच्या मनात सरळ होतो. मुलाखत वापरा, पण तारखेसाठी नको.

यंत्र कसं चालतं हा भाग कोरड्या व्याख्येने सुरू करू नये. रिले समजवायचा तर आधी विद्युतचुंबकाने ओढलेली पट्टी आणि तिचा 'टक्' आवाज दाखवा, मग तर्कशास्त्र. असा भाग त्या विषयातल्या नसलेल्या एकाला वाचून दाखवा आणि तो जिथे थांबवेल तिथे रेघ मारा. दुरुस्ती मात्र दुसऱ्या खर्ड्यात.

पहिलं प्रकरण घासत बसू नका, प्रस्तावना शेवटी लिहा. शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य लिहून झालं की सगळे 'तपास' एका यादीत काढा आणि ते ग्रंथालय किंवा अभिलेखागारानुसार लावा, म्हणजे एका फेरीत एका ठिकाणचे सगळे प्रश्न सुटतात.