विद्यार्थी बुलेटिनसाठी ताज्या बातम्या कशा शोधाव्यात

‘मोबाइलचे दुष्परिणाम’, ‘परीक्षेचा ताण’, ‘प्लास्टिकमुक्त परिसर’. बुलेटिनची मीटिंग या विषयांवर अडली की मी फळा पुसायला लावतो. इंटरनेटवर स्टोरी आयडियांच्या लांबच लांब याद्या मिळतात. त्या वाचून कुणाला भेटायचं, कुठे जायचं, हे कधीच कळत नाही. त्यांच्या नादी लागू नका.

सुरुवातीला बीट, म्हणजे प्रत्येकाने बातम्यांसाठी लक्ष ठेवायची जागा, वाटून द्या: कॅन्टीन, होस्टेल, ग्रंथालय, बस, परीक्षा विभाग, कॉलेजबाहेरचा चौक. बीट किमान सत्रभर बदलायची नाही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या बीटवर फोन खिशात ठेवून फिरावं. नोटीस बोर्ड वाचा, कोपऱ्यातल्या पिवळ्या पडलेल्या नोटिसाही. झेरॉक्सवाले, सुरक्षारक्षक, मेसमधल्या मावशी यांच्याशी बोला. ‘काही बातमी आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘गेल्या महिन्यापासून काय बदललं?’ असं विचारा.

आता खरी अवघड पायरी: विषयाची बातमी करणं. मलाही सुरुवातीला हिनेच सगळ्यात जास्त छळलं.

एप्रिल लागला की कुणीतरी ‘वाढता उन्हाळा’ सुचवणारच. मग रसवंतीचे शॉट, तोंडाला दुपट्टा बांधून गाडीवर निघालेल्या मुली, डॉक्टरांचा ‘भरपूर पाणी प्या’ हा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं छोटं बोलणं. हे सगळं प्रत्येक वाहिनीने दाखवून झालेलं असतं. उन्हाळा हा नुसता विषय आहे. तो प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या एका वाक्यात बसेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका.

उदाहरणार्थ, ‘आपल्या होस्टेलमध्ये कूलरच्या विजेचे पैसे कोण भरतं?’ एवढं लिहिलं की पुढचं सुचायला लागतं. बाइट रेक्टरचा, कूलर परवडत नाही म्हणून गच्चीवर झोपणाऱ्या मुलाचा, हिशेब ठेवणाऱ्या बाबूंचा. दृश्यही समोर येतं: खिडकीच्या गजांना तारेने बांधलेला कूलर, वाळून कडक झालेली खस, तिसऱ्या मजल्यावर बादली चढवताना जिन्यात सांडलेलं पाणी.

प्रश्न तयार झाला की स्वतःला विचारा, याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर प्रश्न बदला. मुलं इथेच फसतात. आधी मत ठरवतात आणि मग त्याला जुळणारे बाइट गोळा करत फिरतात. रेक्टरांनी खोलीमागे कूलरचा खर्च मांडून दाखवला आणि तुमचा समज खोटा ठरला, तरी ती बातमी दाखवायचीच. आणि शिक्षकांनो, मुलांना प्रश्न आयता लिहून देऊ नका. मीटिंग तासभर लांबली तरी चालेल.

सणवार, अधिवेशनं हाताशी असतातच, फक्त सगळ्यांचा कॅमेरा जिकडे आहे तिकडे जाऊ नका. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईटाला हाकलण्यासाठीच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते; काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. मिरवणूक सगळेच दाखवतात. तुम्ही बडग्यांवरच्या, म्हणजे सोबतच्या टीकात्मक पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचा. त्या वर्षी नागपूरकरांना काय छळतंय ते लोकांनीच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्यातली विद्यार्थ्यांना भिडणारी एक तक्रार उचला आणि दिवाळीनंतर तिचं काय झालं ते पाहा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की विधानभवनासमोर पीटीसी (कॅमेऱ्याकडे पाहून वार्ताहराने बोलणं) करण्यापेक्षा यशवंत स्टेडियमकडे चला. राज्यभरातून आलेली माणसं तिथे धरण्यावर बसलेली असतात. त्यांत तुमच्या शिक्षणाशी, भरतीशी संबंध असलेलं कोणी ना कोणी सापडतंच.

कागद हवा असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच टाका.

आणि फॉलोअपची, म्हणजे जुन्या बातमीचं पुढे काय झालं ते पाहण्याची, वही ठेवा. कॅमेऱ्यासमोर कुणी ‘लवकरच करू’ म्हटलं की तारखेसह त्यात नोंद. उदाहरणार्थ, २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या पाण्यात कुणाच्या गुणपत्रिका, दाखले भिजले? दुय्यम प्रती मिळाल्या का, त्यासाठी किती खेटे घालावे लागले? त्या भागात राहणारं कोणी तुमच्या टीममध्ये असेल, तर उद्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी त्याला बोलू द्या.