नवोन्मेष, उत्पादकता आणि देशाची स्पर्धाक्षमता यांचा संबंध कसा मोजावा

नवोन्मेषामुळे देशाची स्पर्धाक्षमता वाढते हे आकड्यांनी तपासायचे असेल, तर दोन निर्देशांक शेजारीशेजारी मांडून सहसंबंध काढण्याचा मोह आधी आवरावा. जागतिक आर्थिक मंचाच्या 2019 च्या स्पर्धाक्षमता निर्देशांकातील 12 स्तंभांपैकी बारावा स्तंभ नवोन्मेष-क्षमतेचाच होता. अशा आकड्यांत सहसंबंध भक्कम आला, तरी आपण जे आत घातले तेच बाहेर आलेले असते.

म्हणून मधला दुवा, म्हणजे उत्पादकता, स्वतंत्रपणे मोजावी. स्थिर किमतींवरील (महागाईचा परिणाम वगळलेल्या) सकल मूल्यवर्धनाला, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून कच्चा माल व सेवांचा खर्च वजा करून उरलेल्या मूल्याला, कामाच्या एकूण तासांनी भागले की श्रम-उत्पादकता मिळते. पुढची पायरी एकूण घटक उत्पादकतेची, म्हणजे भांडवल आणि श्रम यांच्या वाढीने न उलगडणाऱ्या उत्पादनवाढीची. समजा, उत्पादन 7, भांडवल 8 आणि श्रम 2 टक्क्यांनी वाढले आणि उत्पन्नात भांडवलाचा वाटा 0.4, तर श्रमाचा 0.6 आहे. मग भांडवलाचे योगदान 3.2, श्रमाचे 1.2 आणि उरलेली 2.6 टक्के वाढ घटक उत्पादकतेची. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये मांडलेली ही वजाबाकी सोपी आहे, पण त्या बाकीत नवोन्मेषाबरोबर मोजणीतल्या चुकाही दडलेल्या असतात. भारतापुरते पाहायचे तर रिझर्व्ह बँकेच्या क्लेम्स (KLEMS: भांडवल, श्रम, ऊर्जा, साहित्य आणि सेवा) माहितीसंचात 27 उद्योगांच्या मालिका मिळतात. देशभराच्या एका सरासरीपेक्षा उद्योगवार काम करणे मला अधिक भरवशाचे वाटते.

नवोन्मेषासाठी क्रमांक न घेता मूळ आकडे घ्यावेत. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत 2015 मध्ये 81 वा होता आणि 2024 मध्ये 39 वा आला. संशोधन व विकासावरील खर्च मात्र 2020-21 मध्ये जीडीपीच्या 0.64 टक्केच होता. संशोधनाचा परिणाम दिसायला वर्षे लागतात, तेव्हा आजची उत्पादकता काही वर्षांपूर्वीच्या खर्चाशी जोडावी आणि हे अंतर बदलून निष्कर्ष टिकतो का ते पाहावे. स्पर्धाक्षमतेसाठी एकक श्रमखर्च (उत्पादनाच्या एका एककामागे पडणारा श्रमाचा खर्च) आणि जागतिक निर्यातीतील वाटा ही मोजमापे पुरेशी आहेत.

आयर्लंडकडे विशेष लक्ष द्यावे. 2015 मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिथे हलवली आणि जीडीपी एका वर्षात सुमारे 26 टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. कामगार जवळजवळ तेवढेच होते, पण कागदावर त्यांची उत्पादकता एकदम फुगली. पुढे तेथील सांख्यिकी कार्यालयाने सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे अशा स्थलांतरांचा परिणाम वगळून काढलेला आकडा, प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आयर्लंडसाठी तेच वापरावे, आणि हा देश वगळूनही गणित पुन्हा करावे. उत्तर बदलले तर दोन्ही उत्तरे द्यावीत.